मदत हवी आहे: फुगा लावूनही वजन घटतंय, मुलांना काय सांगू?

मी विट्याजवळच्या एका गावात नववीला विज्ञान शिकवते. 'द्रव्याचे मोजमाप' या धड्यातला द्रव्य अक्षय्यतेचा नियम चालू आहे. आमच्याकडे बरीच घरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यातली. एका मुलाचे वडील सध्या गावी आलेत, त्यांनी ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा सोन्याचा काटा दोन दिवस वर्गाला दिला. इतका चांगला काटा मिळालाय तर प्रयोग नीट व्हावा, ही माझी धडपड.

अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीत ६० मिली व्हिनेगर, फुग्यात २ ग्रॅम खाण्याचा सोडा. फुगा तोंडावर चढवून दोऱ्याने घट्ट बांधला. आधीचं वजन ८०.६२. सोडा आत पाडला, फुगा मस्त फुगला, आणि काटा ८०.०७ वर! तीनदा केलं, दरवेळी अर्ध्या ग्रॅमच्या आसपास कमी. साबणाचं पाणी लावून पाहिलं, कुठेही बुडबुडा नाही.

तो मुलगा म्हणाला, "मॅडम, सोनं गाळताना घट धरतात, तशी इथं किती धरायची?" प्रश्न बरोबर आहे. "थोडा गॅस गेला असेल" म्हणून मला वेळ मारून न्यायची नाही. 'शोधून सांगते' असं कबूल केलंय. कारण काय असावं? आणि उद्या काटा परत जायच्या आत काय करून दाखवू?

प्रतिसाद १
मॅडम, गळती असती तर आकडा दरवेळी वेगळा आला असता. हे हवेचं उत्प्लावन आहे. विहिरीतून कळशी ओढताना ती पाण्यात असेपर्यंत हलकी लागते, तसंच. फुगा फुगला की तेवढी हवा बाजूला सारतो आणि ती हवा त्याला वर उचलते. ८४ ग्रॅम सोड्यातून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे तुमच्या २ ग्रॅममधून एक ग्रॅमहून किंचित जास्त. थोडा व्हिनेगरमध्येच विरघळतो, उरलेला साधारण अर्धा लिटर जागा घेतो. आपल्याकडे लिटरभर हवा जवळपास १.१ ग्रॅम भरते. आता तुमची घट बघा! वस्तुमान आहे तेवढंच आहे, काट्यावरचा भार तेवढा कमी झालाय.

प्रतिसाद २
उद्यासाठी फुगणारं काही वापरूच नका. कोल्ड्रिंकची एक लिटरची जाड प्लास्टिक बाटली घ्या, पाण्याची पातळ नको. सोडा १ ग्रॅमच, टिश्यू पेपरच्या पुडीत. पुडी टाकून लगेच झाकण आवळा, वजन करा, मग हलवा. काचेची बाटली अजिबात नको, आणि सोडाही वाढवू नका, दाब वाढतो. शेवटी झाकण काट्यावरच सैल करा, बाजूला काढून ठेवू नका. बंद असताना बाटली कशी टणक होते ते मुलांना दाबून बघू द्या. गॅस आतच आहे हे हातालाच कळतं.

मूळ प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. आज केलं. आधी ९४.३६, सोडा विरघळल्यावर ९४.३५. झाकण सैल केल्यावर फुस्स झालं आणि ९४.०१. आकडा खाली येताना अख्खा वर्ग काट्याभोवती उभा होता. तो मुलगा वहीत लिहीत होता, "गेलेलं ०.३४, बाहेर हवेत."

कळशीचं उदाहरण मुलींना लगेच पटलं. एकीने उलटा प्रश्न टाकला: मग घटीवरून फुगा किती मोठा ते काढता येईल का? ०.५५ ला १.१ ने भागलं, अर्धा लिटर आला. काटा संध्याकाळी परत गेला, पण याला काट्याची गरजच नाही. उद्या तेवढाच फुगा काठोकाठ भरलेल्या बादलीत बुडवून सांडलेलं पाणी मोजणार आहोत. फुगा हाताने दाबताना बोटंही बुडणार, ती कशी टाळावी, कुणाला सुचतंय का?