शिक्का, मोर्तब की मुद्रांक?

प्रश्न : गावच्या वाचनालयात जुन्या कचेरीतल्या वस्तू मांडतो आहोत. लाकडी मुठीचे रबरी शिक्के, पत्र्याच्या डबीतलं शाईचं पॅड, पट्ट्या फिरवून तारीख बदलायचा शिक्का. पाटीवर 'जुने मुद्रांक' लिहावं, असं एक सर म्हणतात. चालेल का?

– नको. मुद्रांक म्हणजे सरकारी शुल्क भरल्याची खूण. मुद्रांक शुल्क, मुद्रांक विक्रेता हे शब्द रोजचे आहेत. पाटी वाचून लोक तिथे स्टँपपेपर शोधतील. सरळ 'रबरी शिक्के' लिहा. 'शिक्का' हा शब्द मूळचा अरबी, आपल्याकडे फारसीतून आला. तिकडे तो नाणं पाडायचा ठसा. हिंदीत त्याचं नाणंच झालं, मराठीत तो दफ्तरात राहिला.

– मग शिक्कामोर्तब? एकाच अर्थाचे दोन शब्द जोडलेलेच ना, कागदपत्रांसारखे?

– नाही हो, या दोन निरनिराळ्या वस्तू. साधारणपणे शिक्का पत्राच्या माथ्यावर, मोर्तब अखेरीला. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर वर 'प्रतिपच्चंद्रलेखेव' ही अष्टकोनी मुद्रा आणि मजकूर संपतो तिथे 'मर्यादेयं विराजते' हे मोर्तब. पुढे पेशवाईतल्या पत्रांवर 'लेखनसीमा' असं मोर्तब दिसतं. लिहिणं इथे संपलं, याच्याखाली कुणी ओळ घुसडली तर ती खोटी. एवढ्या नेमक्या कामाची वस्तू होती ती, आणि आपण तिला नुसता 'मंजुरी'चा अर्थ देऊन मोकळे झालो! प्रधानपदाच्या वस्त्रांबरोबर शिक्केकट्यार मिळायची, यावरून त्या शिक्क्याचं वजन कळावं.

– कचेरीत अजूनही दोन शिक्के लागतात. सहीखाली नाव-हुद्द्याचा आडवा आणि शेजारी कार्यालयाचा गोल. 'गोल शिक्का नाही' म्हणून परत आलेला अर्ज कुणाला ठाऊक नाही? आवक, जावक, सत्यप्रत, गोपनीय हे त्याशिवाय. महसूल खात्यात आवक-जावक नोंदणाऱ्या टेबलाला 'बारनिशी' म्हणतात; तुमच्याकडे आवकचा शिक्का असेल तर हा शब्द पाटीवर जरूर घ्या, तरुण मुलांना तो माहीत नसतो.

– क्रियापदंही सांभाळा. शिक्का आपण मारतो किंवा उमटवतो, पण शाई सुकली की तो 'उठत नाही'. मूठ हातात धरली तरी शिक्का आणि कागदावर उमटला तरी शिक्काच, म्हणून उमटलेल्या नमुन्यांच्या तक्त्यावर 'शिक्क्यांचे ठसे' लिहा. रबरावरची अक्षरं उलटी असतात, तेव्हा प्रत्येक शिक्क्याशेजारी त्याचा ठसा हवाच.