विषय: कोजागिरी कॅम्प – मागची बॅटरी मध्यरात्रीच मान टाकते

लेस्टरकर, बुधवार सकाळ
मंडळी, तातडीचं आहे. शुक्रवारी निघायचं आणि मोटरहोमची मागची बॅटरी (आतले दिवे-हीटर चालवणारी leisure, म्हणजे 'लेझर बॅटरी') पुन्हा तेच करतेय. दारात हुक-अपला (बाहेरच्या विजेला) असताना पॅनेलवर १३.६ व्होल्ट, दिवे सगळे हिरवे. प्लग काढून रात्री दहाला हीटर लावला की दोनच्या आत अंधार. गाडी २०१७ची डुकाटो, बॅटरी ११० अँप-तासांची एजीएम (सीलबंद शिशाची), पाचवं वर्ष. मैदानात यंदा वीज नाही हे माहीत आहेच. नवी बॅटरी घेऊन मोकळा होऊ का?

लीड्सचे काका
थांब रे. आधी मीटर, मग पाकीट. पॅनेलवरचे १३.६ चार्जरचे आहेत, बॅटरीचे नाहीत. चार्जर चालू असताना मेलेली बॅटरीसुद्धा हेच दाखवेल.
हुक-अप काढ. छतावर सोलर असेल तर त्याचाही फ्यूज काढ. आतले दिवे दहा मिनिटं लावून वरवरचा चार्ज जाऊ दे, मग सगळं बंद करून तीन-चार तासांनी थेट टर्मिनलवर मोज. १२.७-१२.८ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी.
मग भार लाव. हेडलाइटचा जुना ५५ वॅटचा हॅलोजन बल्ब साडेचार-पाच अँप खातो. पाच तास लावून ठेव, तासभर विसावा दे, परत मोज. ११०मधले २३-२४ गेले, म्हणजे १२.५च्या आसपास दिसायला हवं. १२.२ किंवा खाली आलं तर स्टिकरवर ११० असू दे, आत निम्मंही उरलेलं नाही.
तुझ्या हीटरचा पंखा सुरुवातीला चार-पाच अँप घेतो, खोली तापली की सरासरी एक-दीड. चार तासांत फार तर आठ-दहा अँप-तास. तेवढ्यात ११०ची बॅटरी बसत असेल तर मला उत्तर आत्ताच दिसतंय, पण मोज.

कार्डिफच्या ताई
काकांशी सहमत, पण ही अर्धीच गोष्ट झाली. प्रवासात ती भरते का, ते कुठे बघितलंय? इंजिन सुरू करून पुढच्या (इंजिनच्या) बॅटरीवर मोजा, लगेच मागच्या बॅटरीवर मोजा. मग वीस मिनिटं गाडी फिरवून, इंजिन चालू ठेवून, दोन्हीकडे पुन्हा. चारही आकडे इथे टाका. एक आकडा टाकून सल्ला मागायची सवय या लिस्टला लागली आहे.

स्विंडनकर
चार आकडे कशाला? स्प्लिट चार्ज रिले (इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्या जोडणारा) टिकटिकतोय का ऐका, झालं. माझ्या २००९च्या गाडीत तोच रिले अजून ठणठणीत आहे. हल्ली उगाच सगळ्यांना महागडे डबे विकतात.

कार्डिफच्या ताई
दादा, २००९ आणि २०१७ यांच्या मध्ये युरो ६ (धुराचे कडक नियम) आलं. डिझेल वाचवायला बऱ्याच गाड्यांत स्मार्ट अल्टरनेटर (गरजेप्रमाणे व्होल्ट बदलणारं इंजिनवरचं जनित्र) आला. पुढची बॅटरी भरली की तो १२.५पर्यंत खाली येतो, गाडी उतारावर किंवा ब्रेकवर असली की १५च्या आसपास चढतो. रिले बिचारा टिकटिकतो, पण १२.५ व्होल्टवर मागची बॅटरी भरणार कशी? एजीएमला भरायला १४.४ तरी लागतात. सगळ्याच डुकाटोंत हा प्रकार नाही, म्हणून तर मोजायला सांगितलं.

सचिव
नम्र विनंती: ही लिस्ट कार्यक्रमांच्या सूचनांसाठी आहे. तांत्रिक चर्चा दोघातिघांत करावी. तसंच 'लेझर बॅटरी' हे वाचून सजावट समितीने लेझर शोचं बजेट विचारलं आहे. असा कुठलाही शो नाही. मसाला दुधाचं काय ठरलं ते आधी सांगा. इन्व्हर्टरवर इंडक्शन लावून दहा लिटर दूध आटवावं अशी सूचना आली आहे.

लीड्सचे काका
ही सूचना ज्यांची आहे त्यांनी गुणाकार करावा. दहा लिटर दूध ५ अंशांवरून उकळीला न्यायला साधारण १ युनिट वीज. इंडक्शन आणि इन्व्हर्टरची गळती धरली की १.३. बारा व्होल्टवर ते शंभराच्या वर अँप-तास होतात, आणि शिशाच्या बॅटरीतून निम्म्याहून जास्त काढू नये. म्हणजे दोन सशक्त बॅटऱ्या नुसत्या उकळीला, आटवणं पुढेच. शिवाय २००० वॅट म्हणजे १८० अँपच्या वर, ती वायर अंगठ्याएवढी लागते. दूध गॅसवर होईल. लाल सिलिंडर आणा, प्रोपेन. निळ्यातला ब्युटेन पहाटेच्या थंडीत नीट येत नाही.

लेस्टरकर, बुधवार रात्र
मोजलं. रात्रभर चार्ज करून, तीन तास विसावा देऊन: १२.४. बल्ब लावल्यावर तिसऱ्या तासालाच ११.६, तिथेच थांबवलं.
इंजिन सुरू केल्याबरोबर: पुढे १४.३, मागे १३.४. वीस मिनिटांनी: पुढे १२.६, मागे १२.४.
आणखी एक. काल रात्री हुक-अपला असताना सीओ (कार्बन मोनॉक्साइड) अलार्म दोनदा वाजला. गॅस तर सिलिंडरवरच बंद होता, म्हणून अलार्म जुना झाला असेल असं धरून सोडून दिलं. त्याचा याच्याशी संबंध नाही ना?

कार्डिफच्या ताई
आहे! चार्जिंग आत्ता बंद करा. अलार्म वाजला की आधी खिडक्या उघडायच्या आणि बाहेर पडायचं, कारण नंतर शोधायचं, हे पहिलं. एखादा सेल कमजोर झाला की चार्जर बाकीच्या सेलना जास्तीचं भरत राहतो, आत पाणी फुटून हायड्रोजन निघतो, आणि सीओ अलार्मचा सेन्सर हायड्रोजनलाही फसतो. सीटखालच्या पेटीला हात लावून बघा, कोमट लागेल. सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर जवळ वाकू नका.
क्रम असा: आधी बाहेर हुक-अपचा प्लग लावलाय तिथे वीज बंद, सोलरचा फ्यूज काढा, दारं उघडून अर्धा तास हवा खेळू द्या, मग निगेटिव्ह आधी सोडा, पॉझिटिव्ह नंतर. चार्जर चालू असताना क्लिप ओढली की ठिणगी उडते, आणि ती हायड्रोजनशेजारी नको.

स्विंडनकर
बरं, रिलेचं मागे घेतो. पण १४.३ आणि १३.४ यांच्यात ०.९ गेले कुठे? हा काही स्मार्ट अल्टरनेटर नाही.

लीड्सचे काका
शाब्बास, हा नेमका प्रश्न. ६ चौरस मिमीची वायर मीटरला ३ मिलिओहम. जाऊन-येऊन दहा मीटर धर, ३० मिलिओहम. २० अँपला ०.६ व्होल्ट नुसत्या वायरीत. उरलेले ०.३ कुठल्या तरी गंजलेल्या जोडणीत. मीटर २ व्होल्टच्या खुणेवर ठेवायचा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं चॅसीच्या उघड्या धातूवर, इंजिन चालू. ०.१च्या वर आलं तर दोष अर्थच्या (निगेटिव्ह वायर चॅसीला जोडणाऱ्या) बोल्टाचा. बहुधा एम८ असतो, १३चा पाना. काढून पॉलिश पेपरने चकचकीत कर, परत आवळ, वरून व्हॅसलीन.

लेस्टरकर
मीटरने ०.३२ दाखवलं. बोल्टाखाली हिरवट पूड होती. घासल्यावर ०.०४. काका, नमस्कार. नवी एजीएम गुरुवारी येतेय. बीटूबी चार्जर (पुढच्या बॅटरीवरून मागची योग्य व्होल्टला भरणारा) मात्र शुक्रवारपर्यंत जमणार नाही. नंतर लिथियमच घ्यावं का?

कार्डिफच्या ताई
लिथियम पुढच्या वर्षी ठरवा, शून्याखाली ते चार्ज करायचं नसतं आणि तुमचा चार्जर कुठला आहे तेही बघावं लागेल. बीटूबी बसवताना एवढं लक्षात ठेवा: ३० अँपचा घेतलात तर पुढून ३८-४० खेचतो, म्हणून १६ चौरस मिमीची वायर आणि दोन्ही बॅटऱ्यांजवळ ६०चा फ्यूज. आणि जुन्या रिलेची चार्जिंगची वायर सोडा. ती तशीच राहिली तर बीटूबी मागच्या बॅटरीत घालतो, रिले ते पुढे आणतो, बीटूबी परत मागे, अशी नुसती फुगडी. फ्रिजचा रिले मात्र राहू द्या, आणि इंजिन बंद केल्यावर फ्रिज १२ व्होल्टवरून सुटतो का ते तपासा. तो चिकटला तर तासाला चौदा अँप-तास जातात.
या वेळी तोडगा: नवी बॅटरी निघण्यापूर्वी रात्रभर हुक-अपला, चार्जरची कळ एजीएमवर. ती आत्ता जेलवर (दुसऱ्या प्रकारच्या बॅटरीवर) तर नाही ना?

सचिव
कळीचं कळवा, पण दुधाची वेलची कोण आणतंय तेही कळवा.

लेस्टरकर
कळ जेलवर होती.