गांजा सोडायला नुसती इच्छाशक्ती पुरते का?

चौदा_महिने (धागाकर्ता)

"गांजाची सवय लागत नाही, लागते ती दारूची." हॉस्टेलच्या गच्चीवर हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी १९ वर्षांचा होतो. सांगणारा शेवटच्या वर्षाचा, हुशार, माझ्यापेक्षा चांगले मार्क पाडणारा. त्याच्या शब्दावर विसंबून मी नऊ वर्षं काढली. आता सोडून चौदा महिने झालेत. माझं ठाम मत असं, की ज्याला गांजा रोज लागतो त्याने 'मनावर घेतलं की सुटेल' या भरवशावर राहू नये. मी चार वेळा मनावर घेतलं आणि दर वेळी तिसऱ्या-चौथ्या रात्री हरलो.

त्या रात्री कशा असायच्या ते सांगतो. टक्क जागा. अंगाला घाम. जेवायला बसलं की घास तोंडात फिरायचा. आईने "चहा टाकू का?" एवढं विचारलं तरी तिच्यावर ओरडायचो. मला वाटायचं, मी मुळातच असा चिडका आहे आणि गांजा हेच माझं औषध. पाचव्या वेळी डॉक्टरांकडे गेलो तेव्हा कळलं, हा स्वभाव नव्हे, ही विथड्रॉअलची, म्हणजे नशा थांबवल्यावर शरीर-मनाला होणाऱ्या त्रासाची लक्षणं. शेवटच्या दमानंतर एक-दोन दिवसांत सुरू होतात, पहिल्या आठवड्यात सगळ्यात जोर असतो, मग दोन-तीन आठवड्यांत ओसरतात. झोप मात्र बसायला आणखी वेळ लागतो. वर्षानुवर्षं स्वप्नच न पडलेल्या माणसाला एकदम इतकी ठसठशीत स्वप्नं पडतात की दचकून उठावं. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत २०१३ पासून याची स्वतंत्र नोंद आहे. मला हे आधीच कोणी सांगितलं असतं, तर त्या चार रात्रींतली एखादी तरी निभावली असती.

हरिश्चंद्रगड

अभिनंदन, पण असहमत. मी सहा वर्षं ओढला. आधी ट्रेकला शेकोटीपाशी, नंतर घरी एकटाच. कुठल्याही डॉक्टरकडे न जाता सोडला. एम्सने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेले लोक सुमारे ३ कोटी १० लाख, आणि अवलंबित म्हणावेत असे सुमारे २५ लाख. म्हणजे बहुतेकांना तो सोडून देता येतो. सगळ्यांच्या कपाळावर 'आजार' असा शिक्का मारला की माणूस हातपाय गाळतो. "मी काय करू, मला आजार आहे" म्हणत पुन्हा पुडी आणणारे दोन मित्र मी जवळून पाहिलेत. माझ्या बाबतीत 'हे माझं मीच केलंय, मीच निस्तरणार' हा विचारच कामाला आला.

चौदा_महिने

आकडे बरोबर आहेत. पण मी त्या ३ कोटींशी बोलत नाहीये, २५ लाखांशी बोलतोय. मावसबहिणीच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी मी नाशिकहून परत निघालो होतो, कारण जवळचा माल संपला होता. तिने आजवर विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. अशा माणसाला 'तुझं तू निस्तर' म्हणणं मला मान्य नाही.

सोलापूरची_आई

तुम्ही दोघं सुटलात, देवाची कृपा. आमचं ऐका. मुलगा २२ वर्षांचा. कोणीतरी सांगितलं म्हणून आम्ही त्याला रात्री गाडीत घालून एका केंद्रात नेऊन टाकलं. तीन महिने भेटू दिलं नाही, फोनसुद्धा नाही. परत आला तो हाडांचा सापळा होऊन. पंधरा दिवसांत पुन्हा सुरू. आता माझ्याशी धड बोलतही नाही. तेव्हा 'उपचार घ्या' म्हणताना कोणते, तेही लिहीत जा. गांजाने पोरगा अर्धा गेला होता, उरलेला आम्ही आमच्या हाताने घालवला असं वाटतं.

वॉर्डातली_ताई

आई, तुम्ही फसवले गेलात, मुलाला तुम्ही घालवलेलं नाही. मी मानसोपचार विभागात समाजसेविका आहे. व्यसनातून आलेले त्रास २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात येतात. केंद्राला नोंदणी लागते आणि सज्ञान माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध असं कोंडून ठेवता येत नाही. नोंदणीचा कागद बघितल्याशिवाय कोणी कुठेही पाऊल टाकू नये.

गांजासाठी बहुतेकांना दाखल व्हावंच लागत नाही. ही सवय मोडणारी खास गोळी अजून नाही, झोपेसाठी वगैरे डॉक्टर तात्पुरतं काही देतात. खरं काम समुपदेशनात होतं: तलफ कधी येते, कोणाबरोबर येते, तेव्हा काय करायचं. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं ते गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या साथीत. त्यामुळे अजूनही घरचे म्हणतात, तिथे गर्दवाले, दारूवाले जातात, गांजासाठी कशाला? या 'कशाला'पायी पोरं चार-पाच वर्षं उशिरा येतात. कानात आवाज येणं, कोणी पाठलाग करतंय असं वाटणं, असलं काही दिसलं तर मात्र एक दिवसही थांबू नका.

आणखी एक. आपल्याकडे जॉइंटमध्ये, म्हणजे गांजा भरून वळलेल्या सिगारेटमध्ये, सर्रास सिगारेटची तंबाखू मिसळतात. गांजा सोडला आणि सिगारेट चालू ठेवली की प्रत्येक झुरक्याला हाताला जुनी आठवण होते. दोन्हींचा विचार एकदम करावा.

पोलिसांच्या भीतीने कोणी अडलं असेल तर १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम ६४अ वाचा. अल्प प्रमाणात माल सापडलेला किंवा सेवनाचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे, उपचार पूर्ण करण्याच्या अटीवर. १४४४६ ही सरकारची मोफत हेल्पलाइन आहे.

हरिश्चंद्रगड

तंबाखूचं शंभर टक्के खरं. मी सिगारेटही त्याच दिवशी टाकली होती, आणि ते बहुधा माझ्या नकळत झालेलं शहाणपण. बाकी मत तेच. सोलापूरच्या आईंनी लिहिलं तेच माझं म्हणणं आहे, की माणसाच्या हातातून निर्णय काढून घेतला की काही उरत नाही.

चौदा_महिने

निर्णय माझाच होता. फक्त तो एकट्याने पेलला नाही. दर शनिवारी आम्ही आठ-दहा जण भेटतो आणि आठवडा कसा गेला ते सांगतो. "या बुधवारी मी त्या टपरीपर्यंत जाऊन आलो" हे मी बायकोला सांगू शकलो नसतो, तिथे सांगितलं.

पहिल्यांदाच_लिहितोय

तीन दिवस हा धागा वाचतोय. आज माझा चौथा दिवस. झोप नाही, पोटात ढवळतंय. पुडी अजून कपाटात आहे, लागली तर असावी म्हणून.

हरिश्चंद्रगड

ती आधी संडासात टाक. पेपर, लायटर, सगळं. मग खाली उतर आणि पाय दुखेपर्यंत चाल.

चौदा_महिने

टाक, आणि टाकताना कोणालातरी फोनवर ठेव. आहे कोणी?

पहिल्यांदाच_लिहितोय

मोठा भाऊ आहे. त्याला यातलं काहीच माहीत नाही. लावतो.