सबवूफरवरचे ‘४ ओम’ : रोध की संरोध?

प्रश्न (म्हापसा)
गाडीत साउंड बसवायला शिकणाऱ्या पोरांसाठी मराठीत पानभर टिपण लिहितोय. गॅरेजात कोकणी, मराठी, हिंदी मिसळून बोलणं चालतं, पण ‘सिरीज’, ‘पॅरलल’, ‘ओम’ तिन्हींत तेच. सबवूफरवर (बास वाजवणाऱ्या स्पीकरवर) ‘४ ओम’ छापलेलं असतं, त्याला ‘रोध’ म्हणू का? आणि सिरीज-पॅरललचं काय करू?

उत्तर (फोंडा)
सिरीज-पॅरलल राहू द्या, फक्त पहिल्यांदा येतील तिथे ‘एकसर’ आणि ‘समांतर’ शेजारी लिहा. महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांत हे शब्द आहेत. आपल्याकडे माध्यमिक शाळा बहुतेक इंग्रजी माध्यमाच्या, म्हणून पोरांच्या कानावरून गेले नसतील. तरी मोत्यांचा सर माहीत असलेल्याला ‘एकसर’ समजावून सांगावा लागत नाही.

‘रोध’ मात्र नको, ‘संरोध’ लिहा. हा पंडिती हट्ट नाही, कामातच फरक पडतो. ४ ओमच्या कॉइलला (स्पीकरमधल्या तारेच्या वेटोळ्याला) मल्टिमीटर लावला की साधारण साडेतीनच्या आसपास आकडा येतो, आणि नवशिक्याला वाटतं कॉइल गेली. मीटर मोजतो तो रोध, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या स्थिर प्रवाहाला होणारा विरोध. संरोध म्हणजे गाणं वाजताना, बदलत्या विद्युतप्रवाहाला होणारा एकूण विरोध, आणि तो सुरागणिक कमीजास्त होतो. छापलेले ४ ओम हा त्याचा ठरवून दिलेला नाममात्र आकडा. इंग्रजीतही यासाठी ‘इम्पीडन्स’ हा वेगळा शब्द घडवावा लागला. तो ब्रिटिश विद्युत-अभ्यासक ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८६ मध्ये दिला.

उत्तर (मडगाव)
संरोध मान्य. पण त्याहून मोठा घोटाळा ‘लोड’ या शब्दाचा आहे. ‘अँपवर (अँप्लिफायरवर) लोड वाढला’ म्हटलं की पोरं समजतात ओम वाढले. असतं बरोबर उलटं. ओम कमी झाले की अँपमधून प्रवाह जास्त ओढला जातो, म्हणजे भार वाढतो. टिपणात हे ठळक लिहा, नाहीतर अँप तापून प्रोटेक्शनला जाईल, म्हणजे स्वतःला वाचवायला आपोआप बंद पडेल, आणि दोष सबवूफरला देतील.

उदाहरण डबल कॉइलच्या सबचं घ्या, म्हणजे एकाच सबवूफरमध्ये दोन कॉइल. ४-४ ओमच्या दोन कॉइल सिरीज केल्या तर ८ ओम, पॅरलल केल्या तर २. असे दोन सब असले आणि चारही कॉइल पॅरलल मारल्या, तर १ ओम. तेवढा भार अँपला झेपतो का, ते त्याच्या माहितीपत्रकात बघूनच ठरवायचं. त्याऐवजी प्रत्येक सबच्या दोन कॉइल सिरीज आणि मग दोन्ही सब पॅरलल केले, की ४ ओम मिळतात.

ब्रिज केल्यावर, म्हणजे अँपचे दोन चॅनल जोडून एकाच स्पीकरला दिल्यावर, आणखी सांभाळा. ४ ओमचा सब दोन चॅनल ब्रिज करून लावला तर प्रत्येक चॅनलला तो २ ओमचाच भासतो.

प्रश्न (म्हापसा)
‘फेज’ला (आवाजाच्या लाटेच्या टप्प्याला) विश्वकोशात ‘कला’ दिसतं. तो वापरू?

उत्तर (फोंडा)
भौतिकशास्त्रात शोभतो, गॅरेजात नको. ‘कला उलटी झाली’ वाचून कुणाला काय कळणार? सरळ लिहा: एका सबचे प्लस-मायनस उलटे लागले तर एका सबचा कोन (पुढचा हलणारा पडदा) बाहेर येताना दुसऱ्याचा आत जातो आणि बास पडतो. ‘बास पडतो’ हेही तसंच ठेवा, गिऱ्हाईक तक्रार त्याच शब्दांत करतं.