खाडीकाठच्या गावांतील तर (पलीकडे नेणारी होडी), पडाव (मालवाहू होडी) आणि धक्के यांची नोंद कशी करावी?

पैलतीर (ठाणे):
नमस्कार. आमचे मूळ गाव भिवंडी तालुक्यात, उल्हास नदीच्या खाडीकाठी आहे. कशेळी, काल्हेर या पट्ट्यातील गावांचा ठाणे, कल्याण आणि वसईशी असलेला व्यवहार पूल व डांबरी रस्ते होण्यापूर्वी बव्हंशी पाण्यावरूनच चाले. भात, गवत, मीठ आणि पुढे रेती पडावांतून जाई आणि माणसे तरीने पलीकडे उतरत. धक्क्याचे घडीव दगड आता गाळात रुतले आहेत आणि तर चालवलेली माणसे ऐंशीच्या घरात आहेत. आम्ही काहीजणांनी या वाहतुकीची नोंद करायची ठरवले आहे. मात्र आधी धक्का मोजावा, कागदपत्रे शोधावीत, की एखादा जुना पडाव मिळवून देवळासमोर ठेवावा, यावर एकमत होत नाही. सुरुवात कोठून करावी?

सुकाणू (कल्याण):
सुरुवात माणसांपासून करा, आणि तीही याच महिन्यात. धक्क्याचे दगड आणखी दहा वर्षे गाळात राहतील, पण खाडीत कोठे उथळ आहे आणि कोणत्या तिथीला भरलेला पडाव कोठवर जाऊ शकतो, हे सांगणारा माणूस राहीलच असे नाही. या वाहतुकीचे वेळापत्रक भरती-ओहोटीचे होते. मुंबईच्या किनाऱ्यावर तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते, म्हणजे चतुर्थीला तीन आणि अष्टमीला सहा वाजता; खाडीत जसजसे आत जावे तसतशी भरती उशिरा पोहोचते, आणि हा उशीर प्रत्येक गावाच्या धक्क्यावर वेगळा असतो. भरतीच्या ओढीवर वर यायचे, माल भरायचा आणि ओहोटी लागताच खाली निघायचे, असा तो क्रम होता. हे ज्ञान मला धक्क्यापेक्षाही मोलाचे वाटते. वृद्धांना घरात बसवून विचारण्यापेक्षा भरतीच्या वेळी काठावर न्या. पाणी समोर असले की जागांची नावे आपोआप आठवतात.

जुने दप्तर (ठाणे):
वरील मताशी सहमत आहे, फक्त कागदांचे काम सोबतच चालू द्यावे. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये बंदरे, तरी आणि व्यापार यांची माहिती आहे. भूमी अभिलेख कार्यालयातील जुन्या गावनकाशांवर धक्क्याकडे जाणारी वाट दिसते का, तेही पाहावे. लिहिताना एक गोष्ट ध्यानात असू द्या. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आणि १८५४ मध्ये कल्याणपर्यंत रेल्वे आली म्हणून पडाव लगेच थांबले, असे समजू नये. मुंबईतील घोड्यांना आणि गुरांना लागणारे गवत, तसेच मीठ आणि रेती यांसारखा अवजड, स्वस्त माल पुढेही दीर्घकाळ पाण्यावरून गेला, कारण रेल्वे सर्व गावांजवळून जात नव्हती आणि खाडी दाराशी होती.

बेलापूर पट्टी (नवी मुंबई):
आमच्याकडेही हेच घडले. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल खुला होण्यापूर्वी ठाणे खाडीच्या या काठावरील गावांना मुंबईचा जवळचा मार्ग होडीचाच होता. पूल आणि नवे शहर पाठोपाठ आले, आणि तरीच्या फेऱ्यांची आठवण कोणी लिहून ठेवली नाही, याचे मला आजही दुःख आहे.
पडाव देवळासमोर ठेवण्याला माझा विरोध आहे. पाण्याबाहेर उन्हात उभे केलेले लाकडी गलबत सुकते, फळ्यांच्या फटी उघडतात आणि पावसाचे पाणी आत साठून ते आतून कुजते. छप्पर आणि दरवर्षी तेल-राळ लावणारा माणूस यांची सोय नसेल, तर पडाव जागेवरच मोजून त्याचे आराखडे काढावेत. शीड, परबान (शीड बांधायचा आडवा वासा), सुकाणू आणि नांगर तेवढे जपावेत. धक्का उघडा करताना खारफुटीला हात लावू नका, कारण ती तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाची बंदी आहे. तेथील कामासाठी आधी वन विभागाशी बोलावे.

पैलतीर (ठाणे):
सर्वांचे मनःपूर्वक आभार. पडावाचा विचार आम्ही सध्या बाजूला ठेवतो. येत्या पौर्णिमेला दोन जुन्या तरीवाल्यांना घेऊन धक्क्यावर जाऊ आणि प्रत्येक धक्क्यासाठी भरतीची वेळ, माल आणि पुढचा मुक्काम असा तक्ता तयार करू. काल्हेर ते वसई या मार्गावरील थांब्यांची नावे कोणाच्या घरच्या वृद्धांना आठवत असतील, तर कृपया येथे लिहावीत.