वल्हेकरी: जहाजांवरचे आणि शर्यतीतले (अनुभव धागा)

धागाकर्ता: वल्हेकऱ्यांवर जाणकारांनी लिहावं, म्हणून हा धागा. जुनी युद्धनौका असो वा आजची शर्यत. मापं, पद्धत, काय बिघडतं आणि का, एवढं नक्की लिहा.

प्रतिसाद १: अथेन्सच्या ट्रायरीमवर (वल्ह्यांच्या तीन रांगा असलेली प्राचीन ग्रीक युद्धनौका) 170 वल्हेकरी. वरच्या रांगेत 62, मधल्या आणि खालच्या रांगेत प्रत्येकी 54. माणशी एक वल्हं, चार मीटरहून थोडं लांब. आपलं वल्हं पाण्यात पडताना दिसायचं ते फक्त वरच्यांना. बाकीचे वाद्याच्या आणि हाकेच्या तालावर. खालच्या रांगेच्या वल्ह्यांची भोकं पाण्याच्या इतकी जवळ, की त्यांना कातड्याची बाही बसवत. आणि कृपा करून इथे साखळदंडांनी जखडलेले गुलाम वल्हेकरी आणू नका! इ.स.पू. 480 मध्ये सॅलॅमिसला इराण्यांशी लढलेल्या अथेन्सच्या ताफ्याचा कणा म्हणजे तिथले गरीब पण स्वतंत्र नागरिक. 1987 मध्ये ग्रीसने पाण्यात उतरवलेल्या 'ऑलिंपियास' या प्रतिकृतीने 9 नॉटच्या (ताशी सुमारे 17 किमी) आसपास वेग गाठला, तोही थोडाच वेळ.

प्रतिसाद २: साखळदंड आले ते बरेच नंतर. सोळाव्या शतकात भूमध्य समुद्रातल्या गॅलींवर (वल्ह्यांच्या लांबट युद्धनौका) एका मोठ्या वल्ह्याला चार-पाच जण लावायची पद्धत रुळली. त्यात कसब लागतं ते मुख्यतः आतल्या टोकाच्या माणसाला. बाकीच्यांनी त्याच्याबरोबर ओढायचं. म्हणून कैदी आणि गुलाम चालू लागले. वल्हं इतकं जड, की उठून पुढे पाऊल टाकायचं आणि सगळं वजन मागे बाकावर झोकून द्यायचं.

प्रतिसाद ३: मराठा आरमारातलं गलबत, म्हणजे लहान, चपळ लढाऊ नाव, विसरू नका. 40-50 वल्ही असायची. वारा पडला की गलबतंच गुराबांना (मोठ्या शिडांच्या युद्धनौकांना) दोर लावून ओढत नेत.

प्रतिसाद ४: शर्यतीबद्दल. सरकती बैठक, म्हणजे वल्हेकऱ्यासोबत पुढेमागे सरकणारं आसन, 1870 च्या दशकात रुळली आणि वल्हवण्याची मुख्य ताकद पायांकडे गेली. क्रम पक्का: आधी पाय, मग पाठ, शेवटी हात. पुढच्या ओढीसाठी परतताना उलटा: हात, पाठ, पाय. नवशिके हात आधी वाकवतात, मग पायांचा जोर वल्ह्यापर्यंत पोचतच नाही.

दुसरी चूक परतीची घाई. आठ जणांची नाव 96 किलोच्या आसपास, वल्हेकरी मिळून सातशे किलो. एवढं वजन झपकन मागच्या टोकाकडे आलं, की नावेची गती तुटते. शांत लयीत ओढीला एक भाग वेळ, तर परतीला दोन.

वल्ह्याचं पातं पाण्यातून पुरतं निघण्याआधीच आडवं केलं, तर पाणी ते खाली खेचतं आणि मूठ छातीवर आदळते. तेव्हा मुठीशी झुंजू नये. मागे झुकून ती डोक्यावरून जाऊ द्यावी आणि लगेच ओरडून नाव थांबवावी.

प्रतिसाद ५: वरच्यात एक भर. नावेतच पक्क्या बसवलेल्या बुटांच्या टाचेला बांधलेली दोरी नाव पाण्यात घालण्याआधी प्रत्येकाने ओढून पाहावी. ती तुटकी किंवा सैल असेल, तर नाव उलटल्यावर बुटाची टाच पायाबरोबर वर उचलली जाते आणि पाय आतच अडकतो.