बाटली हातातल्या बॅगेत, पण विमानात नाही

लातूरहून सिंगापूरच्या क्रूझला निघालेल्या दादांनी विचारलंय, की लग्नाच्या वाढदिवसासाठी नाशिकची वाईन जहाजावर नेता येईल का. त्यावर एकाने "काही चालत नाही" म्हणून विषय संपवलाय. तसं नाही. रॉयल कॅरिबियन ही क्रूझ कंपनी पिण्याच्या वयाच्या प्रत्येक प्रवाशाला वाईनची ७५० मिलीची एक बाटली नेऊ देते, पण फक्त चढायच्या दिवशी. म्हणजे नवरा-बायको मिळून दोन. व्हिस्की, बिअर मात्र नाही.

खरी गंमत सामानाची आहे. हैदराबादहून विमानात हातातल्या बॅगेत १०० मिलीच्या वर द्रव चालत नाही, म्हणून बाटली चेक-इनमध्ये, टॉवेलात गुंडाळून. बंदरावर उलटं: बाटली हातात ठेवा, मोठ्या बॅगेत टाकू नका. त्या बॅगा एक्स-रेतून जातात.

हे मी अनुभवानं सांगायलो. आमच्या काकांनी (परभणीकर, ऐकतात कुठं?) चिवड्याच्या डब्यात व्हिस्की लपवली होती. संध्याकाळी सगळ्यांच्या बॅगा खोलीसमोर आल्या, काकांचीच नाही. खाली बोलावून डबा उघडला. बाटली शेवटच्या रात्री परत मिळाली, चिवडा तेवढा लगेच!

आणि जेवणाच्या टेबलावर स्वतःची बाटली उघडली तर बऱ्याच कंपन्या कॉर्केज, म्हणजे बाहेरची बाटली उघडायचे पैसे, लावतात. कार्निव्हल या दुसऱ्या क्रूझ कंपनीत ते १५ डॉलर होतं. खोलीतच ग्लास मागवून बाल्कनीत बसा. बुकिंगच्या कागदावरचा नियम मात्र आधी वाचा, तो बदलत राहतो.